विधान परिषदेतली ये-जा

महाराष्ट्राची विधान परिषद कधीच बरखास्त होत नाही. विधानसभेचे २८८ आमदार पाच वर्षांनी एकदम मतदारांपुढे जातात आणि निकालाच्या दिवशी त्या सभागृहाचा चेहराच पालटतो. परिषदेच्या ७८ जागांचे तसे नाही. तिथे कोणी सहा वर्षे पुरी करून निरोप घेत असतो, कोणी त्याच आठवड्यात शपथ घेत असतो, तर कोणाची निम्मी मुदत अजून शिल्लक असते. राज्यघटनेच्या कलम १७२ नुसार हे सभागृह कायमचे आहे. दर दोन वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. एका निवडणुकीच्या लाटेत दोन्ही सभागृहे वाहून जाऊ नयेत, कायदे करण्याचा अनुभव असलेली माणसे कायम सभागृहात असावीत, हा त्यामागचा विचार.

विचार चांगला आहे. पण परिषदेत कोण बसणार हे जितके मतांवर ठरते, तितकेच जागा कशी रिकामी झाली यावरही ठरते. मुदत संपून रिकामी झालेली जागा आणि राजीनाम्यामुळे रिकामी झालेली जागा दिसायला सारखी असली, तरी ती भरण्याची रीत वेगळी असते, आणि रीत बदलली की निकालही बदलू शकतो. काही जागा तर वर्षानुवर्षे भरल्याच जात नाहीत.

परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० जागांवर विधानसभेचे आमदार सदस्य निवडून देतात. २२ जागांसाठी महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकप्रतिनिधी मतदान करतात. पदवीधर आणि शिक्षक यांचे प्रत्येकी ७ प्रतिनिधी असतात आणि उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. घटनेतील मूळ प्रमाण पाहिले, तर आमदार आणि स्थानिक संस्था यांच्या वाट्याला जवळपास एक-तृतीयांश, म्हणजे सारख्याच जागा यायला हव्यात. परंतु हे प्रमाण बदलण्याचा अधिकार घटनेने संसदेला दिला आहे आणि संसदेच्या कायद्यात महाराष्ट्रासाठी ३० आणि २२ असे आकडे आहेत. एकूण संख्येलाही मर्यादा आहे. परिषद विधानसभेच्या एक-तृतीयांशाहून मोठी असू नये आणि ४० पेक्षा लहान असू नये. महाराष्ट्राला ९६ पर्यंत जाता आले असते, पण आकडा ७८ वरच राहिला आहे.

मुंबई प्रांतात दुसरे सभागृह १९३५ च्या कायद्याने आले आणि १९३७ मध्ये ते प्रत्यक्ष सुरू झाले. १९६० मध्ये द्विभाषिक राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा परिषद महाराष्ट्राकडे राहिली, गुजरातने एकाच सभागृहावर कारभार चालवला. आज महाराष्ट्राखेरीज उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण या पाच राज्यांतच विधान परिषद आहे. विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा आणि संसदेने कायदा करावा, एवढ्यावर परिषद स्थापन करता येते किंवा मोडीतही काढता येते. तमिळनाडूची परिषद १९८६ मध्ये गेली ती परत आली नाही. आंध्र प्रदेशाची १९८५ मध्ये गेली आणि २००७ मध्ये पुन्हा उभी राहिली.

महाराष्ट्रात दर दोन वर्षांच्या निवृत्तीचे चक्र सर्वांत नेमकेपणाने फिरते ते विधानसभा सदस्यांकडून निवडल्या जाणाऱ्या ३० जागांवर. या जागांचे ९, १० आणि ११ असे तीन गट पडलेले आहेत. नऊ जागांची निवडणूक मे २०२० मध्ये झाली, दहा जागांची जून २०२२ मध्ये आणि अकरा जागांची जुलै २०२४ मध्ये. सहा वर्षांनी पुन्हा पहिल्या गटाची पाळी येते. पदवीधर आणि शिक्षकांच्या १४ जागाही अशाच तीन हप्त्यांत विभागल्या गेल्या आहेत. त्यांपैकी पाच जागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये, पाचांसाठी जानेवारी २०२३ मध्ये आणि चारांसाठी जून २०२४ मध्ये मतदान झाले. त्यामुळे परिषदेत दर दोन वर्षांनी एकच मोठा खांदेपालट होत नाही. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या मतदारांकडून, थोडे थोडे लोक बदलत राहतात.

आमदारांनी करायच्या निवडणुकीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत वापरतात. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो आणि निवडून येण्यासाठी उमेदवाराला ठरावीक कोटा पुरा करावा लागतो. १२ जुलै २०२४ ची निवडणूक यासाठी जवळून पाहण्याजोगी आहे. काही आमदार त्याआधीच लोकसभेवर निवडून गेल्याने आणि काही जागा इतर कारणांनी रिकाम्या असल्याने विधानसभेत २७४ मतदार उरले होते. जागा ११ होत्या आणि उमेदवार १२. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण मूल्य २७,४००. याला जागांपेक्षा एकने जास्त, म्हणजे १२ ने भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि आलेल्या २,२८३ मध्ये एक मिळवायचा. कोटा झाला २,२८४. पहिल्या पसंतीची २२ मते मिळवणारा उमेदवार २,२०० वर अडतो आणि त्याला दुसऱ्या पसंतीची वाट पाहावी लागते. २३ मते मिळवणारा २,३०० वर पोहोचून निवडून येतो, आणि त्याच्याकडचे जादा १६ मूल्य त्याच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीकडे जाते. एका मताचे मूल्य शंभर धरण्याचे कारण इथे कळते. मताचे लहान तुकडे करून ते दुसऱ्या उमेदवाराला देता यावेत, यासाठी ही सोय.

या गणितामुळे विधानसभेत चाळीस-पन्नास आमदार असलेल्या पक्षालाही परिषदेत एक-दोन जागा हक्काने मिळतात. बहुमत असलेला पक्ष सगळ्या जागा लाटू शकत नाही. त्या दिवशी महायुतीचे नऊ उमेदवार जिंकले. काँग्रेसच्या प्रज्ञा सातव आणि शिवसेनेच्या ठाकरे गटाचे मिलिंद नार्वेकर हे दोघे विरोधकांकडून निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील हरले. काँग्रेसची काही मते फुटल्याचे उघड झाले, पण ती कोणाची याचा कागदोपत्री पुरावा नाही, कारण हे मतदान गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेला तो नियम लागू नाही. २० जून २०२२ च्या निवडणुकीतही मते फुटली, भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले आणि पुढच्या दहा दिवसांत राज्याचे सरकार बदलले.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ महसुली विभागांच्या आधाराने आखलेले आहेत. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर असे सात पदवीधर मतदारसंघ आहेत आणि तेवढेच शिक्षक मतदारसंघ. विधानसभेच्या मतदारयादीत नाव आहे म्हणून इथे मत देता येत नाही. प्रत्येक निवडणुकीच्या वेळी यादी नव्याने तयार होते आणि पदवीधराला पुन्हा अर्ज भरावा लागतो. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात. शिक्षकाने गेल्या सहा वर्षांपैकी एकूण तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवलेले असावे लागते. मागच्या वेळी मतदान केलेल्या अनेकांचे नाव पुढच्या वेळी यादीत सापडत नाही, ते यामुळेच. मतदार नोंदणीची मोहीम जो पक्ष किंवा जी संघटना मेहनतीने चालवते, तिची निम्मी निवडणूक तिथेच होते. शिक्षक संघटनांनी अनेक वर्षे आपल्या जागा राखल्या, त्या या चिकाटीच्या बळावर.

मतदान केंद्रावर मतदाराला जांभळ्या शाईचे पेन दिले जाते. पसंतीचा आकडा त्याच पेनने लिहायचा असतो. स्वतःचे पेन वापरले, बरोबरची खूण केली, सही केली किंवा '१' हा आकडाच लिहिला नाही, तर मत बाद. शिकलेल्या मतदारांच्या या निवडणुकीत बाद मतांचा गठ्ठा लहान नसतो, हे खेदाने नोंदवावे लागते. जागा एकच असल्याने कोटा वैध मतांच्या निम्म्याहून एकने जास्त असतो. पहिल्या पसंतीत तो कोणीही गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजतात, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. वीस-पंचवीस उमेदवार असले की ही मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते.

उमेदवार मात्र पदवीधर असलाच पाहिजे, अशी अट नाही. मद्रासच्या पदवीधर मतदारसंघातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हे स्पष्ट केले. पदवीधरांनी कोणाला पाठवावे हे त्यांनीच ठरवायचे आहे. नितीन गडकरी १९८९ पासून पंचवीस वर्षे नागपूर पदवीधरमधून परिषदेवर होते. प्रकाश जावडेकर पुणे पदवीधरमधून निवडून आले होते. नागपूरची ही जागा भाजपची हक्काची समजली जाई. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसचे अभिजित वंजारी यांनी तिथे भाजपचे संदीप जोशी यांना हरवले.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२ जागांची कहाणी अधिक क्लेशकारक आहे. या मतदारसंघात मतदार असतात फक्त काही शे. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, छावणी मंडळांचे सदस्य. यांतील बहुसंख्य पदांची निवडणूकच झाली नाही, तर परिषदेचा मतदारच अस्तित्वात राहत नाही. मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असाव्यात आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत, तरच निवडणूक घ्यायची, असा निवडणूक आयोगाचा निकष आहे. इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, तिथे प्रशासक बसले आणि परिषदेच्या जागा एकेक करून रिकाम्या होत गेल्या.

डिसेंबर २०२१ मध्ये आठ जागांची निवडणूक व्हायला हवी होती. मुंबईच्या दोन, कोल्हापूर, धुळे-नंदुरबार, अकोला-वाशिम-बुलढाणा आणि नागपूर अशा सहा जागांची झाली. सोलापूर आणि अहमदनगर हे दोन मतदारसंघ पुरेसे मतदार नसल्याने बाजूला राहिले. २०२२ मध्ये ठाणे, पुणे, सातारा-सांगली, नांदेड, यवतमाळ, जळगाव आणि भंडारा-गोंदिया या सात जागांची मुदत संपली. जून २०२४ मध्ये नाशिक, अमरावती, परभणी-हिंगोली, उस्मानाबाद-लातूर-बीड, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग यांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये नागपूरचे चंद्रशेखर बावनकुळे कामठीतून विधानसभेवर गेले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस औरंगाबाद-जालनाचीही मुदत संपली. २२ पैकी पाचच जागांवर सदस्य उरले.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये नगरपालिकांपासून मतदानाला सुरुवात झाली. दरम्यानची वर्षे मात्र परत येत नाहीत. नगरपालिकेचा निधी, पाणी योजना, जिल्हा परिषदेच्या शाळा हे प्रश्न परिषदेत मांडण्यासाठीच हे मतदारसंघ आहेत. ज्या काळात गावोगावचा कारभार प्रशासकांच्या हाती होता, त्याच काळात त्या कारभाराला जाब विचारणारा परिषदेतला माणूसही नव्हता. कायदा करणाऱ्यांनी कायम सभागृहाची कल्पना केली तेव्हा इतक्या जागा इतकी वर्षे मोकळ्या राहतील, असे त्यांच्या मनात आले नसणार.

राज्यपालनियुक्त १२ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी आहेत. गदिमा, ना. धों. महानोर, रामदास फुटाणे हे कवी या वाटेने परिषदेत आले. शेती आणि पाणी या विषयांवर महानोर सभागृहात जिव्हाळ्याने बोलत. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पण नावे मंत्रिमंडळ सुचवते. राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय द्यावा, याची मुदत घटनेत लिहिलेली नाही, आणि इथेच २०२० मध्ये गाडी अडली. आधीच्या बारा जणांची मुदत जून २०२० मध्ये संपली. महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबरमध्ये बारा नावे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. त्यांनी ती मान्यही केली नाहीत आणि परतही पाठवली नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, की वाजवी वेळेत निर्णय देणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य आहे. राज्यपालांना आदेश देण्याचे मात्र न्यायालयाने टाळले. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांनी शपथ घेतली. त्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली. बारांपैकी पाच जागा तेव्हाही रिकाम्याच राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ लेखक, शास्त्रज्ञ, कलावंत यांच्यासाठी राखलेल्या बाकांवर कोणीच नव्हते, आणि भरले गेले तेव्हाही त्यांवर मुख्यतः पक्षांचे कार्यकर्ते आले. या जागांचा हेतू लक्षात घेतला, तर हे मोठेच नुकसान आहे.

मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ नुसार ती सहा महिन्यांत घ्यावी लागते. मात्र उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल, तर हे बंधन नसते. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवी सहा वर्षे मिळत नाहीत. आधीच्या सदस्याची जेवढी मुदत उरली असेल, तेवढीच त्याच्या वाट्याला येते. धुळे-नंदुरबारचे अमरीश पटेल यांनी काँग्रेस सोडताना परिषदेचा राजीनामा दिला. करोनामुळे लांबलेली पोटनिवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि भाजपकडून ते जिंकले. जागेची मूळ मुदत संपत आल्याने वर्षभरातच त्यांना पुन्हा उभे राहावे लागले. त्या वेळी ते बिनविरोध निवडून आले.

आमदारांच्या मतांवरील जागा अधेमधे रिकामी झाली, की प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे संरक्षण संपते. जागा एकच, त्यामुळे कोटा निम्म्याहून जास्त आणि ज्याचे विधानसभेत बहुमत त्याचा उमेदवार निश्चित. याचे उत्तम उदाहरण २०१७ चे. नारायण राणे काँग्रेसतर्फे परिषदेवर होते. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि आमदारकीही सोडली. डिसेंबरमधल्या पोटनिवडणुकीत भाजपचे प्रसाद लाड यांना २०९ मते मिळाली आणि काँग्रेसचे दिलीप माने यांना ७३. नियमित निवडणुकीत ७३ मतांवर दोन सदस्य सहज निवडून येतात. पोटनिवडणुकीत तेवढ्या मतांवर एकही आला नाही आणि काँग्रेसची एक जागा भाजपकडे गेली.

सदस्याच्या निधनाने रिकामी झालेल्या जागेबाबत महाराष्ट्रात अनेकदा वेगळा पायंडा पाळला जातो. काँग्रेसचे शरद रणपिसे सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. त्यांच्या जागेसाठी काँग्रेसने प्रज्ञा सातव यांना उमेदवारी दिली. भाजपचे संजय केणेकर यांनीही अर्ज भरला होता, तो त्यांनी मागे घेतला आणि निवडणूक बिनविरोध झाली. सातव यांना उरलेली मुदत मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये पूर्ण सहा वर्षांसाठी त्या पुन्हा निवडून आल्या. कायद्यात नसलेला हा संकेत पाळला गेला म्हणून त्या पक्षाचे बळ अबाधित राहिले.

एकाच वेळी दोन्ही सभागृहांचा सदस्य राहता येत नाही. म्हणून विधानसभा निवडणूक झाली की परिषदेत हमखास जागा रिकाम्या होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये परिषदेचे पाच सदस्य, जे आमदारांच्या मतांवर आले होते, विधानसभेवर निवडून गेले. भाजपचे गोपीचंद पडळकर, प्रवीण दटके आणि रमेश कराड, शिवसेनेचे आमश्या पाडवी आणि राष्ट्रवादीचे राजेश विटेकर. मार्च २०२५ मध्ये या पाचही जागा बिनविरोध भरल्या. पहिल्या तिघांची मुदत मे २०२६ पर्यंतच होती. त्या जागांवर संदीप जोशी, संजय केणेकर आणि दादाराव केचे आले. पाडवींच्या जागी चंद्रकांत रघुवंशी यांना जुलै २०२८ पर्यंतची मुदत मिळाली आणि विटेकरांच्या जागी संजय खोडके यांना जुलै २०३० पर्यंतची. एकाच दिवशी बिनविरोध निवडून आलेल्या पाच जणांपैकी तिघांना जेमतेम वर्ष आणि एकाला पाच वर्षांहून अधिक. नागपूर पदवीधरमध्ये हरलेले जोशी आणि रणपिसे यांच्या जागेवरून अर्ज मागे घेतलेले केणेकर, दोघेही अशा प्रकारे अखेर परिषदेत पोहोचले.

राजीनामा सभापतींकडे द्यावा लागतो आणि तो दबावाखाली दिलेला नाही, याची खात्री करूनच ते स्वीकारतात. ही तरतूद १९७४ च्या घटनादुरुस्तीने आली. परवानगीशिवाय सलग साठ दिवस बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी ठरवू शकते. लाभाचे पद, दिवाळखोरी अशा कारणांवरील अपात्रतेचा निर्णय राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार देतात. पक्षांतराचा निर्णय सभापतींचा. राज्यपालनियुक्त सदस्याला शपथेनंतर सहा महिन्यांच्या आत एखाद्या पक्षात जाता येते, त्यानंतर गेल्यास पद जाते.

परिषदेची जागा रिकामी आहे की नाही, यावर एकदा राज्याचे मुख्यमंत्रिपदच अवलंबून राहिले. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्य होणे त्यांना बंधनकारक होते. परिषदेच्या नऊ जागा एप्रिल २०२० मध्ये रिकाम्या झाल्या, पण करोनामुळे निवडणूक पुढे ढकलली गेली. मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस केली, ती पडून राहिली. अखेर राज्यपालांनीच निवडणूक आयोगाला पत्र लिहिले, २१ मे ही मतदानाची तारीख ठरली आणि १४ मे रोजी नऊही उमेदवार बिनविरोध निवडून आले. सहा महिन्यांची मुदत संपायला तेव्हा दोन आठवडे उरले होते. त्याआधी २०१० मध्ये मुख्यमंत्री झालेले पृथ्वीराज चव्हाणही परिषदेच्याच मार्गाने विधिमंडळात आले होते.

सदस्यत्व संपले की त्यावर उभे असलेले पदही संपते. रामराजे नाईक निंबाळकर २०१५ पासून सभापती होते. जून २०२२ मध्ये ते परिषदेवर पुन्हा निवडून आले, परंतु आधीची मुदत ७ जुलैला संपताच सभापतिपद गेले. नवे सदस्यत्व मिळाले म्हणून जुने पद चालू राहत नाही, नव्याने निवड व्हावी लागते. ती झालीच नाही. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवले. जुलै २०२३ मध्ये त्या स्वतः एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या, तेव्हा पक्षांतराचा निवाडा करणारे सभापतिपद रिकामेच होते. १९ डिसेंबर २०२४ रोजी राम शिंदे बिनविरोध सभापती झाले. वि. स. पागे यांनी १९६० पासून अठरा वर्षे भूषवलेले हे पद तब्बल अडीच वर्षे कोणाकडेच नव्हते.

विरोधी पक्षनेत्याचे पदही असेच संख्येवर आणि मुदतीवर टिकून असते. अंबादास दानवे ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेतील विरोधी पक्षनेते झाले. औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून ते ऑगस्ट २०१९ मध्ये आले होते, त्यामुळे २९ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची सहा वर्षे पुरी झाली. त्यांच्या जागेसाठी निवडणूक घ्यायला मतदार नव्हते, त्यामुळे ती जागाही रिकामी राहिली आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्चीही.